सकाळी सातची सही

१

चारशे सतरा नंबरची फाइल जागेवर नव्हती.

दुसऱ्या कुठल्या खोलीत फाइल न सापडणं ही रोजचीच रड असते. पण ही रुग्णालयाची रेकॉर्डची खोली होती आणि इथे बावीस वर्षं भिंगबाईंचं राज्य होतं. डॉक्टरांनी लिहिलेलं खुद्द डॉक्टरांना वाचता येईना, की लोक कागद घेऊन इथे येत. बाई खणातून भिंग काढत आणि घडाघडा वाचून दाखवत. त्यावरून हे नाव पडलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचं. काम एकदम शिस्तीचं. आलेल्या प्रत्येक कागदावर गोल शिक्का, तारीख, छोटी सही; मग कोपऱ्यातला नंबर बघायचा आणि कागद त्या नंबरच्या फाइलीत सारायचा. दिवसाला दोनशे कागद. वाचत बसलं तर तिथेच म्हातारपण यायचं. "माझ्या खोलीतून कागद हरवत नाही," असं त्या सगळ्यांना सांगत, जरा जास्तच वेळा सांगत.

आणि आज अधीक्षक स्वतः दारात उभे राहून फाइल मागत होते, आणि चारशे सोळाच्या शेजारी थेट चारशे अठरा बसली होती.

"काल संध्याकाळी पाचला मी स्वतः तिच्यात प्लास्टरचा कागद लावलाय, साहेब."

"मग काय तिला पाय फुटले?" अधीक्षक म्हणाले. "बाई, ही फाइल कुणाची आहे ते तुम्हाला मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. फाइल भिंगबाईंच्या सख्ख्या मोठ्या बहिणीची होती. ताईला बारा वर्षं संधिवात होता. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. आपलंच शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, बोटं वाकडी करतं आणि जाता जाता हाडंही पोखरतं, तो. परवा किटली उचलताना ताईचं मनगट मोडलं होतं. किटली, आणि तीही अर्धी.

"गेले सहा महिने तिच्या रक्तात हाडांची झीज कमी दिसत होती," अधीक्षक म्हणाले. "पॉइंट अडतीस. म्हणून पाच महिन्यांपूर्वी हाडांचं इंजेक्शन थांबवलं. काल पहाटे वॉर्डात रक्त घेतलं तर पॉइंट एकाहत्तर! जवळजवळ दुप्पट. एकाच बाईची हाडं रातोरात बदलत नाहीत. प्रयोगशाळेत कुणीतरी बसल्या बसल्या आकडे ठोकून दिलेत, आणि तिथे माणूस एकच आहे. उद्या बाराला समिती बसतेय. त्याला घरी पाठवायचं आणि विषय मिटवायचा."

"आणि बाकीचे रुग्ण? इंजेक्शन तर अजून चाळीस जणांचं थांबलंय."

"एका फाइलीवरून चाळीस जणांचे आकडे कसे खोटे ठरवू? बाकीच्यांची हाडं सुधारली असतीलही."

चाळीस जण. कुणी उद्या किटली उचलेल, कुणी खिडकी लावायला हात वर करेल.

"मला उद्या बारापर्यंत वेळ द्या," त्या म्हणाल्या. "फाइल माझ्या खोलीतून गेलीय. शोधणारही मीच."

अधीक्षक गेल्यावर त्यांनी आठवून पाहिलं. सकाळी आठला कुलूप काढल्यापासून खोलीत कोण कोण आलं? प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ जुन्या अहवालांच्या प्रती मागायला आला होता. सांधेवाले डॉक्टर आले होते. रक्त घेणारी सिस्टर चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवून गेली होती. आणि ताई आली होती, भिंगबाईंचा काल तिच्या घरी राहिलेला चष्मा द्यायला, प्लास्टरचा हात झोळीत घालून, तोही छातीशी अगदी घट्ट धरून. बस म्हटलं तरी बसली नव्हती. पण ताई काही मोजण्यातली नव्हती.

म्हणजे तिघं. भिंगबाईंनी भिंग आणि रुग्णांच्या नावांची यादी पर्समध्ये टाकली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी खोलीला कुलूप ठोकलं.

२

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला सगळे दशांश म्हणत. दिवसभर आकड्यांत राहून त्याची जीभही तशीच झाली होती. कसा आहेस विचारलं तर "साडेनव्व्याण्णव टक्के" म्हणणारा माणूस. आज मात्र तो टक्केवारीत बोलला नाही.

"बाई, अठरा वर्षांत मी एक आकडा मनाने लिहिलेला नाही. माझ्या मुलीला उद्या काय सांगू? बापाने लोकांची हाडं मोडली म्हणून?"

"रडगाणं नंतर. आधी मला शिकवा. पॉइंट अडतीस म्हणजे काय?"

शिकवायचं म्हटल्यावर त्याच्या अंगात जीव आला. हाड म्हणजे उभी केली आणि संपली अशी वस्तू नाही, त्याने सांगितलं. तिथे कायम दोन गवंडी कामाला असतात, एक जुनं पाडतो आणि दुसरा नवं बांधतो. दोघांचाही थोडा थोडा चुरा रक्तात उतरतो आणि तो मोजता येतो. पाडणाऱ्याचा आकडा ती झीज, बांधणाऱ्याचा ती भर. संधिवातात पाडणारा चेकाळतो. इंजेक्शन त्यालाच आवरायला द्यायचं.

"आणि सहा महिन्यांत काय झालं?"

त्याने वही पुढे सरकवली. "झीज निम्म्यावर आली. भर होती तिथेच आहे, अठ्ठेचाळीसच्या आसपास."

"सगळ्या रुग्णांची?"

"ते मला कसं कळणार? माझ्याकडे नळी येते ती नुसत्या नंबरच्या पट्टीची. रोजचा नवा नंबर. कुणाचं नाव, कुठला विभाग, काही नसतं. नावं तुमच्या खोलीत जोडतात."

भिंगबाईंनी मान डोलावली. हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण नावं त्याच जोडत. त्यांनी पर्समधून नावांची यादी काढली आणि नंबर लावत गेल्या. झीज फक्त सांध्यांच्या विभागातल्या रुग्णांची उतरली होती. हाडांच्या वॉर्डात मुक्कामाला असलेल्यांचे आकडे, त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, याच माणसाने काढलेले, पूर्वीसारखेच होते.

यंत्र बिघडलं असतं तर सगळ्यांचंच बिघडलं असतं. दशांशने आकडे ठोकले म्हणावं, तर कुठली नळी सांध्यांवाल्याची हे त्याला स्वप्नात दिसणार होतं का? त्या मनातल्या मनात त्याला सोडून पुढे जाणार, इतक्यात त्यांचं लक्ष वहीच्या समासाकडे गेलं. काही नंबरांपुढे बारीक "ढ" लिहिला होता.

"हे काय?"

"ढगाळ. रक्ताचा वरचा पिवळा भाग एरवी स्वच्छ असतो, कधी दुधासारखा गढूळ येतो. रक्तात चरबी असली की. संधिवाताच्या गोळ्यांनी चरबी वाढते म्हणतात, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही."

भिंगबाईंनी भिंग लावून वही मागे मागे चाळली. ताईच्या गोळ्या बारा वर्षं त्याच होत्या. तिच्याच विभागातल्या दुसऱ्या रुग्ण, शिंपीणबाई, त्यांच्या नऊ वर्षं. पण समासातला पहिला "ढ" बरोबर सहा महिन्यांपूर्वीचा होता आणि त्याच्याआधी एकही नव्हता.

३

सांधेवाले डॉक्टर तरुण, हुशार आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी नवं औषध सुरू केलं होतं आणि त्यावर निबंध लिहायला घेतला होता. आकडे खोटे निघाले तर निबंध गाळात जाणार होता. खरे ठरले तर परिषदेत टाळ्या.

"झीज निम्म्यावर आली, बाई! माझ्या औषधाने हाडं सावरली. त्या एका मनगटाचं काय घेऊन बसलात?"

"ते मनगट माझ्या बहिणीचं आहे."

डॉक्टरांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत होता.

"नवं औषध किती जणांना देता?" भिंगबाईंनी विचारलं.

"निम्म्यांना. उरलेल्यांना जुनंच. तुलना करायला."

"आणि झीज कुणाची उतरली?"

डॉक्टरांनी तक्ता काढला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. झीज दोन्हीकडे सारखीच उतरली होती.

"म्हणजे औषधाने नाही," भिंगबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आकडे फिरवले असतेत तर आपल्या निम्म्यांचेच फिरवले असतेत. जुन्या औषधाला फुकटचं श्रेय कोण देईल?"

"पण सुधारणा डोळ्यांना दिसतेय हो!" डॉक्टरांनी कळवळून एक गठ्ठा समोर टाकला. रक्त देताना रुग्ण सही करतात त्या चिठ्ठ्यांच्या प्रती होत्या. 'मी काल रात्रीपासून काहीही खाल्लेले नाही. वेळ सकाळी ७.' खाली सही. "या वर्षभरापूर्वीच्या सह्या बघा. कोंबडीचे पाय! काहींनी तर अंगठा उमटवलाय. आणि या आत्ताच्या बघा. हात सुधारल्याशिवाय अशा सह्या होतील?"

भिंगबाईंनी भिंग लावलं. शिंपीणबाईंची जुनी सही म्हणजे तीन थरथरते फराटे होते. नवी सही गोल, ठसठशीत, खाली रेघ मारलेली. निवृत्त टायपिस्टची तशीच. गठ्ठ्यात खाली ताईची चिठ्ठी होती. ताईची सही! शाळेत भिंगबाईंच्या प्रगतिपुस्तकावर आईच्या ऐवजी ताईच करायची तीच, शेवटी गिरकी असलेली.

त्या सहीकडे पाहता पाहता भिंगबाईंची नजर वर छापलेल्या वेळेवर गेली.

संधिवाताचा माणूस सकाळी उठतो तेव्हा त्याचे हात गोठलेले असतात. ताईला साडेनऊपर्यंत चमचा धरता येत नाही. दोन तास कोमट पाण्यात बोटं बुडवून बसते, तेव्हा कुठे मूठ उघडते. औषध नवं घेवो नाहीतर जुनं, सकाळी सातला ताई ही सही करूच शकत नव्हती.

सांध्यांच्या विभागाचं रक्त मंगळवारी घेत. त्यांनी ताईच्या चिठ्ठीवरच्या मंगळवारच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजल्या. तेवीस. सगळ्यांवर वेळ सात ते साडेसात. वाकड्या कोपरातून शीर शोधायची म्हणजे माणशी पाच मिनिटं तरी हवीत, आणि रक्त घेणारी सिस्टर एकटी.

"डॉक्टर," त्या उठत म्हणाल्या, "अर्ध्या तासात तेवीस जणांचं रक्त मच्छरसुद्धा घेऊ शकत नाही."

४

रक्त घेणाऱ्या सिस्टरला रुग्ण मुंगी म्हणत. सुई टोचताना ती सगळ्यांना एकच सांगायची, "मुंगी चावली समजा." तिच्या हाताखाली कुणी कधी ओरडलं नव्हतं. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. भिंगबाई लिफ्टपाशी गेल्या तर दाराशेजारी पिवळी पडलेली पाटी दिसली. लिफ्ट सकाळी ९ ते रात्री ८.

"ही पाटी कधीची हो?" त्यांनी लिफ्टमनला विचारलं.

"झाले की सहा महिने. वीज वाचवायची म्हणून साहेबांचा हुकूम. तुम्ही तळमजल्यावरच्या, तुम्हाला कसं कळणार?"

वर मुंगी कापूस रचत होती. भिंगबाईंनी आडवळण घेतलं नाही.

"सिस्टर, मंगळवारी रक्त कितीला घेता?"

मुंगीने कापूस खाली ठेवला. मग तिने दार लोटलं आणि स्टुलावर बसली.

"साडेदहा, अकरा," ती म्हणाली. "छप्पन्न पायऱ्या आहेत, बाई. सहा महिन्यांपूर्वी पहिल्या मंगळवारी एक आजी चौदाव्या पायरीवर बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. पाय उचलेना, कठडा धरायला बोटं उघडेनात. मी म्हटलं, बास. लिफ्ट सुरू झाल्यावर या."

"आणि वेळ सात लिहिलीत."

"चिठ्ठीवर साडेसातनंतरची वेळ दिसली की नळ्या जमा करायच्या खालच्या खिडकीवर नळी परत करतात. नियम आहे म्हणतात. परत टोचू का त्यांना?"

"आणि उपाशीपणाचं?"

"अकरापर्यंत उपाशी कशा राहतील? त्यांची सकाळची गोळी रिकाम्या पोटी घेतली की आग पडते. पाव-लोणी, दूध, मग गोळी. मला वाटलं, उपाशी लागतं ते साखर बघायला. इथे तर हाडं बघायची आहेत. एका पावाने हाडाला काय फरक पडणार?" तिने भिंगबाईंकडे पाहिलं. "पडतो का, बाई?"

भिंगबाईंनी तिथल्याच फोनवरून दशांशला विचारलं. पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"पडतो," तो अखेर म्हणाला. "पाडणारा गवंडी पहाटे सर्वांत जोरात असतो. खाल्लं की दोन तासांत निम्मा मंदावतो. बांधणाऱ्याला जेवणाशी काही देणंघेणं नसतं. म्हणून भर हलली नाही! आणि ढगाळ म्हणजे लोणी! बाई, मी सहा महिने समासात उत्तर लिहीत होतो आणि मलाच वाचता आलं नाही."

मुंगीने ते सगळं ऐकलं. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे ताईंचं मनगट माझ्यामुळे..."

"रडायला उद्या बारानंतर वेळ आहे," भिंगबाई म्हणाल्या. त्यांना तिचा राग यायला हवा होता, येत नव्हता. "लिफ्टबद्दल तक्रार का नाही केलीत?"

"केली होती. सगळ्या रुग्णांनी मिळून अर्ज लिहिला, साहेबांच्या नावे, आणि मी तो खाली नेऊन दिला. उत्तरच आलं नाही." हे सांगताना मुंगी खिडकीबाहेर बघत होती.

"बरं. आता फाइल द्या."

"कुठली फाइल?" मुंगीने चमकून वर पाहिलं. "मी फाइल नाही नेली, बाई. आईची शपथ."

खोटं बोलणारा माणूस इतका गोंधळत नाही. दशांशने नेली नाही, त्याला स्वतःच्या बचावासाठी तिच्यातल्या अहवालांचाच आधार होता. डॉक्टरांकडे सगळ्याच्या प्रती होत्या. मुंगीने नेली नाही. तिघं संपले होते. भिंगबाई जिना उतरू लागल्या आणि चौदाव्या पायरीवर थबकल्या, कारण मोजण्यातली नसलेली एक व्यक्ती उरली होती, आणि तिचा हात झोळीत होता.

५

ताई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. संध्याकाळी भिंगबाई गेल्या तेव्हा ती डाव्या हाताने रेडिओशी झटापट करत होती.

"ताई, प्लास्टर दुखतंय का गं?"

"दुखेल नाही तर काय गुदगुल्या होतील?"

"सकाळी फार जड दिसत होतं. खजिना असल्यासारखं छातीशी धरलं होतंस."

ताईने रेडिओ बंद केला. लहानपणी बरणीतली साखर कुणी संपवली हे दोघींपैकी एकीला दुसरीच्या तोंडाकडे पाहून कळायचं. पन्नास वर्षांत त्यात काही फरक पडला नव्हता.

"काल तूच म्हणालीस, साहेब माझी फाइल मागवणार म्हणून," ताई म्हणाली. "चिठ्ठ्या काढून घ्यायला आले होते मी. मुंगीचं नाव येऊ नये एवढंच मनात होतं. पोरीने आमच्यावर माया केली आणि शिक्षा तिला? गोळीबरोबर पाव खा, असं बाकीच्यांना सांगणारी तर मीच. तुझी पाठ वळल्यावर फाइल उघडली. मग सगळीच झोळीत घातली."

"का?"

"जाऊ दे ना. जाळून टाकते म्हटलं तर काडी ओढता येत नाही मेली या हातांनी."

"ताई, फाइल."

ताईने उशीखाली बोट दाखवलं. भिंगबाईंनी फाइल उघडली. प्लास्टरचा कागद, अहवाल, चिठ्ठ्या. आणि त्यांच्याखाली ताईच्या अक्षरातला एक पूर्ण पानाचा कागद. 'मा. अधीक्षक यांस. विषय: सकाळची लिफ्ट.' खाली सह्या, नऊ अंगठे. वरच्या कोपऱ्यात ताईने आपला रुग्ण नंबर घातला होता, चारशे सतरा. आणि त्या नंबरावर, जरासा तिरका, गोल शिक्का. तारीख. छोटी सही.

भिंगबाईंना भिंगाची गरज पडली नाही. सही त्यांची होती.

कागद आला, शिक्का मारला, नंबर पाहिला, फाइलीत सारला. वाचला नाही. साहेबांकडे जायचा अर्ज सहा महिने त्यांच्या शिस्तीत गाडला गेला होता. माझ्या खोलीतून कागद हरवत नाही. आणि हे सगळं ज्या हातासाठी मागितलं होतं तो हात समोर प्लास्टरमध्ये होता.

"मला वाटायचं साहेबांनीच नाही म्हटलं असेल," ताई हळूच म्हणाली. "आज सकाळी शिक्का पाहिला. तुझी निवृत्ती दोन वर्षांवर आलीय गं. ठेव तो कागद इथेच. आकड्यांचं कोडं तुला सुटलंय ना? तेवढं सांग. दशांश सुटेल, इंजेक्शनं सुरू होतील. या कागदाची गरजच काय?"

भिंगबाईंना मोह झाला. खोटं कशाला बोला, झालाच. मग त्यांनी तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"हा नसेल तर सगळं मुंगीवर येईल. म्हणतील, तक्रार न करता मनाने वेळ बदलली. उद्या मांडते मी."

ताईने भिंगबाईंकडे पाहिलं, अगदी प्रगतिपुस्तकाकडे पाहायची तसं.

"मांडायचं तर पुराव्यासकट मांड," ती म्हणाली. "नुसत्या बोलण्यावर समिती हलायची नाही. मी उद्या सातला येते. उपाशी. रक्त द्यायला."

"वेडी आहेस का? छप्पन्न पायऱ्या, आणि प्लास्टर!"

"मग खाली घेऊ म्हणशील, आणि कुणीतरी म्हणेल नियम मोडला. नियमात राहूनच घे. जा आता, मला फोन करायचेत. नंबर तेवढे फिरवून दे."

६

सकाळी पावणेसातला जिन्याच्या तळाशी पाच बायका उभ्या होत्या. ताई, शिंपीणबाई, निवृत्त टायपिस्ट, आणि दोघी ज्यांना भिंगबाई फक्त नंबरांनी ओळखत होत्या. नंबर दोनशे बारा चांगल्या उंच होत्या आणि त्यांना गाण्याचा आवाज होता, हे त्यांना आज कळलं.

कुणी कठड्यावर कोपर टेकवत चढत होतं, कुणी पायरीवर बसून एकेक पायरी मागे सरकत. शिंपीणबाई दर पायरीला लिफ्टच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. चौदाव्या पायरीवर ताई थांबली. ओठ पांढरे पडले होते. भिंगबाईंनी हात पुढे केला.

"धरू नकोस," ताई म्हणाली. "दुखतं. नुसती बाजूला चाल."

वर पोचायला सव्वीस मिनिटं लागली. मेट्रनबाई साक्षीला होत्या. मुंगीने पाच नळ्या भरल्या. चिठ्ठीवर सही करताना पेन कुणाच्याच बोटांत राहिना. चौघींनी अंगठा उमटवला. ताईने प्लास्टरबाहेरची बोटं वापरून एक फराटा ओढला आणि ही माझी सही, असं ठणकावून सांगितलं.

मग त्याच खोलीत पाव-लोणी, दूध, गोळ्या. साडेदहाला पुन्हा पाच नळ्या. मेट्रनबाईंनी दहाही नळ्यांवर उलटसुलट नंबर घातले, कुठला नंबर कुणाचा त्याचा कागद लिफाफ्यात बंद करून स्वतःच्या खिशात ठेवला आणि नळ्या दशांशकडे पाठवल्या. कुठली कुणाची आणि कधीची, हे त्याला ब्रह्मदेवानेही सांगितलं नसतं.

अकरा पंचावन्नला यंत्राने शेवटचा आकडा छापला.

७

समितीच्या खोलीत लिफाफा फुटला. मेट्रनबाई नंबर वाचत होत्या, डॉक्टर आकडे जोडत होते, आणि जोडता जोडता त्यांचा आवाज बारीक होत गेला. ताई: सातला झीज पॉइंट बहात्तर, साडेदहाला पॉइंट एक्केचाळीस. शिंपीणबाई: पॉइंट एकोणसत्तर, मग पॉइंट अडतीस. पाचही जणींचं तेच. भर जागची हलली नव्हती.

"एकाच सकाळी, एकाच बाईचं," भिंगबाई म्हणाल्या. "सहा महिने हाडं सुधारली नव्हती, साहेब. फक्त नाश्ता झाला होता. यंत्र निर्दोष, कारण वॉर्डातल्यांचे आकडे बदलले नाहीत. दशांश निर्दोष, कारण कुठली नळी कुणाची हे त्याला कळत नाही. डॉक्टर निर्दोष, त्यांनी फक्त सह्यांकडे पाहून वेळ पाहिली नाही. त्या सह्याच सांगत होत्या की सकाळचे सात वाजलेले नाहीत."

"मग दोषी ती सिस्टर!" अधीक्षकांनी टेबलावर हात आपटला. "खोटी वेळ लिहिली! अडचण होती तर कळवायचं होतं!"

भिंतीशी उभ्या असलेल्या मुंगीने मान खाली घातली. भिंगबाईंनी पर्स उघडली. कागद त्यांनी नीट उलगडला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक आवक कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला.

"'आमचे सकाळी सात वाजता हात उघडत नाहीत. पाय उचलत नाहीत. लिफ्ट नऊला सुरू होते. आम्ही रक्त द्यायला तयार आहोत, सुईला घाबरत नाही. आम्हाला फक्त वर पोचवा, नाहीतर टेबल खाली आणा. आम्ही वाट पाहत आहोत.' खाली तेवीस जणींची नावं आहेत. सिस्टरने हा कागद सहा महिन्यांपूर्वी रुग्णालयात दिला."

"मला मिळाला नाही," अधीक्षक म्हणाले.

"नाहीच मिळाला. यावरचा शिक्का माझा आहे. मी न वाचता फाइलीत लावला. चारशे सतरा हरवली नव्हती साहेब, माझ्या बहिणीने लपवली होती. मला वाचवायला. ते मला मान्य नाही. काय लिहायचं ते माझ्या नावापुढे लिहा, पण इंजेक्शनं आजच्या आज सुरू करा."

अधीक्षक त्या कागदाकडे पाहत होते. लिफ्टच्या पाटीखाली सही कुणाची होती, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"टेबल खाली आणा," ते अखेर म्हणाले.

भिंगबाईंना लेखी ताकीद मिळाली आणि मुंगीलाही. ताईला फाइल पळवल्याबद्दल एक पत्र आलं, ते तिने कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवलं. चाळीस जणांना त्या दुपारपासून फोन गेले, डॉक्टरांनी स्वतः केले. दशांशने मुलीला काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी तो शंभर टक्के आहे म्हणाला.

पुढच्या मंगळवारी सकाळी सातला रक्ताचं टेबल तळमजल्यावर, रेकॉर्डच्या खोलीच्या दाराशीच होतं. साडेआठपर्यंत रांग चालली. वेळा खऱ्या लिहिल्या गेल्या, आणि खालच्या खिडकीने त्या निमूट घेतल्या. ताईची चिठ्ठी सर्वांत आधी आली. सही म्हणजे एक वाकडा फराटा होता, शेवटी गिरकीचा नुसता प्रयत्न. भिंगबाईंनी चिठ्ठी हातात घेतली, पहिल्या अक्षरापासून वाचली, आणि मगच शिक्का मारला.